शेरा

तीन हजार सातशे रुपये, ग्रंथालय अनुदान,
एकतीस मार्चच्या आत खर्ची टाका.
सोबत यादी: बोधकथा, आदर्श बालके,
सामान्यज्ञान भाग एक ते सहा.
यादीची घडी पर्समध्ये घालून
तळाशीलहून कुडाळला गेले, दोन गाड्या बदलून.

दुकानदार भला माणूस. म्हणाला, सेट घ्या बाई,
शंभरात तीन, बिल बरोब्बर बसवतो.
मी स्टूल ओढलं पंख्याखाली
आणि एकेकाचं पहिलं पान
ओठांतल्या ओठांत वाचत गेले.
ज्यात तिसऱ्या ओळीलाच कुणी खोटं बोलून फसलं
ते परत फळीवर.
ज्यात आजोबा 'बरं का मुलांनो' म्हणाले, तेही.
एकात समुद्र होता, निळाशार, लाटा हसऱ्या.
असलंच एक पुस्तक मागे तन्वेश मेतरनं
मिटून माझ्या हातात दिलं होतं:
"बाई, हेणी दर्या बगूक नाय."
खरंच, त्यात ना वास, ना डिझेलचा भाव,
ना जाळं फाटल्यावरची शिवी.

कवितांची फळी सगळ्यात खाली, पायपुसण्याशेजारी.
ह्यांना गिऱ्हाईक नाही, तो म्हणाला.
एक पातळसं काढलं.
लंगडीवर कविता, आईच्या रात्रपाळीवर एक,
आणि एक वाळत घातलेल्या शाळेच्या शर्टावर,
जो वाऱ्यात एकटाच हात वर करून
उत्तर येतं, उत्तर येतं म्हणतो
आणि त्याला कुणी विचारत नाही.
चार दहाची गाडी गेली तेव्हा मी त्या शर्टात होते.
म्हणून त्याच्या दोन प्रती घेतल्या.

आमच्या शाळेचं कपाट कुलूपबंद.
पुस्तक हरवलं तर पगारातून वजा,
म्हणून आधीच्या गुरुजींच्या काळात एकही हरवलं नाही.
कसर मात्र सगळी वाचून गेली होती,
पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत, आरपार.
खाऱ्या हवेनं किल्ली फिरेना.
मधल्या सुट्टीत वरवंटा आणून कुलूप फोडलं,
नवीन घेतलं नाही.

ताडपत्री अंथरून पुस्तकं मांडली.
मुलं निवडतील, आपण बोलायचं नाही,
असं ठरवलं होतं. बोललेच.
रोझलिननं सर्वांत जाड घेतलं, दोन्ही हातांनी.
उर्मीनं चित्रं मोजली, अकरा, आणि ठेवून दिलं.
तन्वेशनं शर्टाचं उचललं. पातळ म्हणून,
दुसरं काही कारण नव्हतं.

मग रापण लागली आणि तो आलाच नाही.
नऊ दिवस. पुस्तकही नाही.
दहाव्या दिवशी दारात उभा,
हातात पावासारखं फुगलेलं काहीतरी,
घड्यांत वाळू, मुखपृष्ठावर तारलीचे खवले.
"बाबान रापणीवर नेल्यान.
सगळ्यांका म्हणून दाखवल्यान.
मगे लाट इली."
आणि हात पुढे करून थांबला, छडीसाठी.
माझ्या टेबलावर छडी नाही, त्याला ठाऊक आहे,
तरी थांबला.
मी विचारलं, कुठली म्हणून दाखवली?
"शर्टाची."
जरा थांबून,
"दोनदा. दुसऱ्या वक्ताक त्येंनीच सांगल्यानी."

एप्रिलात तपासणी.
नोंदवहीत अनुक्रमांक एक्केचाळीस, किंमत साठ,
स्थिती: चांगली, नादुरुस्त, निर्लेखित. एकावर खूण करा.
मी खूण केली नाही.
शेऱ्याचा रकाना बोटभर रुंद,
त्यात लिहिलं: वाचलं.
साहेबांनी चष्मा वर केला.
म्हणजे, पाण्यातून?
हो, म्हटलं, त्यातूनही.

दुसरी प्रत अजून कोरी करकरीत आहे.
ती कुणी नेत नाही.
सगळ्यांना खवल्यांचीच हवी.