तैवीकाठची फेरी

तैवी. स्पेलिंगात एफ, तोंडात व.
हे कळायला मला एक अख्खा हिवाळा लागला,
तोवर पेशंटांनी पोटभर हसून घेतलं.

मंगळवारी मी खालून वर जाते,
कार्डिगनच्या पुलापासून (स्वेटर नव्हे, गाव)
त्रेगारनच्या दलदलीपर्यंत.
डिकीत बँडेजं, मलमं, चिखलाचे बूट.
नकाशा लागत नाही,
लोकांचे पाय पुरतात.

केनार्थच्या धबधब्याशी एमलिन.
डाव्या पोटरीची जखम भरत नाही.
छातीवर आडवा वळ, तो जुना, पट्ट्याचा:
चाळीस वर्षं होडी पाठीवर टाकून घरी यायचे,
वाळुंजाच्या फाट्या, वर डांबर फासलेलं कापड,
लांबून वाटावं, कासव उभं राहून चाललंय.
दोन होड्या, मध्ये एक जाळं.
"जोडीदार गेला," म्हणतात,
"आणि सामनही."
कोण आधी, ते सांगत नाहीत.

द्रे-वाखला ग्वेनलियनबाई, वय एक्क्याण्णव.
दक्षिणेच्या खाणकामगारांचे फ्लॅनेलचे शर्ट
इथल्या मागांवर विणले जात.
खाणी बसल्या, मग माग बसले.
त्या खडखडाटात बाईंचे कान गेले,
ओठ वाचायची विद्या राहिली.
चिकटपट्टी अडली की मी मराठीत पुटपुटते.
त्या माझ्या तोंडाकडे बघून विचारतात,
"शिवी होती ना?"

पुढे रस्ता अरुंद. चॅपलच्या दाराला आता
आकडे दाबायचं कुलूप, अंगणात गरम पाण्याचा टब,
शनिवार ते शनिवार भाड्यानं.
कबरी मात्र तिथल्या तिथे,
सगळ्या जोन्स, म्हणून नावापुढे शेताचं नाव.

दलदलीच्या कडेला योर्वर्थ, मधुमेह, दोन बोटं कमी.
खिडकीतून काळं पाणी दाखवतो.
म्हणतो, आठशे वर्षांपूर्वी कुणा प्रवाशानं लिहिलंय,
अख्ख्या वेल्समध्ये बीव्हर उरलेत ते फक्त या नदीत.
"मग?"
"मग काय. लोकांना टोप्या हव्या होत्या."
जरा थांबून: "तुझ्या गावची नदी कोणती?"
म्हटलं, आमच्याकडे टँकर यायचा,
गुरुवारी, आला तर.
त्याला विनोद वाटला. हसला.
मग बराच वेळ हसला नाही.
निघताना बाटलीत झऱ्याचं पाणी भरून दिलं,
किंचित पिवळं, मातीच्या चवीचं.

गाडीत बसून फॉर्म भरते.
लांबी तीन सेंटिमीटर, कडा कोरड्या, वास नाही.
शेवटी 'इतर' नावाचा एक रकाना असतो,
सहसा मी तिथे रेघ मारते.
आज लिहिलं: पाणी चढतंय.
एमलिनकडे उद्याच जावं.