श्वास रोखा

त्र्यंबक नाक्याला, सिव्हिलच्या एक्स-रे खोलीत
तेवीस वर्षं मी तीनच गोष्टी सांगतोय :
श्वास घ्या. रोखा. हलू नका.
पेशंट हलला की फिल्म धुरकट,
आणि वरून डॉक्टरांच्या शिव्या.

रविवारी शलाका आली पुण्याहून.
ओट्यावर लॅपटॉप, बाजूला निवडायची मेथी.
म्हणाली, पप्पा, हाही एक्स-रेच.
पडद्यावर एक रेघ, दातेरी,
आयसीयूत रात्री तीनला दिसते तशी.

दोन तारे आहेत म्हणे.
एक मेलेला. नाशिक रोडपासून
गंगापूर धरणापर्यंत मावेल एवढाच,
पण वजनाला सूर्यापेक्षा भारी.
दुसरा जिवंत,
आपल्याच अंगचं काढून त्याला भरवणारा.
घास पडला की हा उजळतो,
साचत गेला की एकदम भडकतो,
दहा-बारा सेकंद,
मग पुन्हा कुरकुर, थरथर.
मधेच जिवंत तारा आड येतो
आणि रेघ खाली बसते.

मी विचारलं, इतका हलतो
तर फोटो कसा येतो गं नीट?
येतच नाही, ती म्हणाली, मेथीची काडी मोडत.
आम्ही त्याचं हलणंच मोजतो.
गप्प राहिला असता
तर काय कळलं असतं त्याचं?

सोमवारी रात्रपाळीला
घोटीचे एक आजोबा, दोन बरगड्या मोडलेल्या.
श्वास घ्या, म्हटलं.
पुढचा शब्द तोंडात होता,
बोट बटणावर.
काचेपलीकडे
छाती वर आली, अडखळली,
खाली गेली,
पुन्हा वर.

फिल्मला त्या दिवशी जरा उशीर झाला.