ऱ्ह

केळी भरून ट्रक निघतो बऱ्हाणपूरला
आणि बिल्टीवर मात्र बर्हाणपूर.
रफार ह च्या डोक्यावर चढून बसलेला.
अत्तरदे शेठ म्हणाले, "छापतंय ना? मग झालं."
रावेरच्या स्टेशन रोडवर, पत्र्याच्या त्या ऑफिसात
मला मात्र ते दातात अडकल्यासारखं.

बिल्टी छापणारी ती लायब्ररी कोणाच्या मालकीची नाही,
म्हणजे सगळ्यांची,
म्हणजे तिला चार जण सांभाळतात,
नोकरी करून, पोरं निजल्यावर.
मी अकरा ओळी लिहिल्या, पाठवल्या.
वर लिहिलं: लहानशी दुरुस्ती आहे.

नऊ दिवस काही नाही.
पारा पंचेचाळीसवर, कूलरात पाणी टाकायचं,
पडदा उघडून बघायचं, मिटायचं.
दहाव्या दिवशी:
"आधी काय तुटत होतं, ते दाखवणारी चाचणी कुठे आहे?
आणि सातव्या ओळीत नाव 'तात्पुरतं' का?
तात्पुरतं इथे वीस वर्षं राहतं."

राग आला. दोन दिवस उत्तर दिलं नाही.
निंभोऱ्याला मावशीकडे उडदाचे पापड होते.
ती एकेक पापड उजेडाला धरायची,
पटला नाही की मुकाट्यानं पुन्हा गोळा.
लाटणारी कोण, हे वर बघतसुद्धा नव्हती.
माझे तीन परत आले.
"जाड पापड आत्ता गप बसतो," म्हणाली,
"तळणात बोलतो मग."

चाचणी लिहिली. नाव बदललं.
तर मध्येच एक बिष्णुमाया, पोखऱ्याहून
(बघा, तिच्या गावालाही तोच लागतो):
"तुमच्या दुरुस्तीनं आमचं गर्‍यो मोडलं."
शोधलं. गर्‍यो म्हणजे केलं.
मी एक गाव सरळ करताना
एका अख्ख्या भाषेतलं 'केलं' वाकडं करून ठेवलं होतं
आणि ते मला सांगायला
तिनं रात्रीचा दीड वाजवला होता.

अकरातल्या सहा ओळी पुसल्या.
उरलेल्या पाच तिनं आणि मी मिळून,
ती हिंदीत, मी हिंदीत, दोघीही जरा चुकत.
लाइट गेली तेव्हा मोबाईलच्या नेटवर पाठवलं,
चौथ्यांदा.

सत्तेचाळिसाव्या दिवशी एक शब्द: "घेतलं."
छान नाही, शाबास नाही.
यादीत दोनशे नावांखाली
निरुपमा फिरके, रावेर.
गाव कोणी विचारलं नव्हतं. मीच लिहिलं.

नवी आवृत्ती चढवली त्या सकाळी
पहिली बिल्टी रमजान तडवीची.
मी कागद त्याच्यापुढे धरून ठेवला, जरा जास्तच वेळ.
त्यानं बघितलं. माझ्याकडे बघितलं.
"काय झालं ताई? आधीपासून असंच तर होतं."
आणि चौघडी करून खिशात घातली,
घडी नेमकी ऱ्ह वरून.