मिशी

ठक्.
पहिल्यातून दुसऱ्यात टाकताना एकदा,
पाय काढला की पुन्हा एकदा.
बुडाखाली कुणीतरी बसलंय
आणि आपण बोलायला लागलो की
बोटाच्या पेरानं पत्रा वाजवतंय,
तसं.

सगळा उन्हाळा ऐकलं ते आम्ही.
ऑक्टोबरात, रस्त्यावर मीठ पडायच्या आत,
गाडी माझ्या गोठ्यात घेतली, मागची चाकं काढली.
गोठ्यात गाई नाहीत आता. गव्हाण आहे.
गव्हाणीत पाने, आठ ते चोवीस, नंबरवार.

डॅटसन, एकाहत्तरची, नारिंगी.
अर्धी माझी, अर्धी रौनोची.
घेतली तेव्हा तो माझा मेहुणा होता.
आता कोण आहे त्याला शब्द नाही.
टेल्लेर्वोनं घर विकलं, जुनं आडनाव परत घेतलं,
ओउलूला गेली.
गाडीच्या वाटणीचं कुणाला सुचलंच नाही.
सात वर्षं दर शनिवारी तो येतो,
थर्मास ठेवतो, हातमोजे काढतो,
आणि आम्ही माझ्या बहिणीबद्दल बोलत नाही.

डिफरन्शियलच्या मागे एक आडवा दांडा असतो,
टोकांना वळवलेला. मेकॅनिक लोक त्याला मिशी म्हणतात.
मिशीच्या दोन टोकांत दोन बुश:
बाहेर लोखंडी कडं, आत रबर, रबरात नळी.
काम एवढंच
की खालच्या लोखंडाचं
वरच्या लोखंडाला ऐकू जाऊ नये.
पन्नास वर्षं रबरानं सगळं गिळलं, ब्र काढला नाही.
बॅटरी मारून पाहिलं तर राईच्या शिळ्या पावासारखं भेगाळलेलं,
नळी एका अंगाला कललेली.

डावा नट तीन शनिवार हलला नाही.
तेल पाजलं, तापवला, आईबहीण काढली,
पान्याला पाईप जोडून दोघं लोंबकळलो.
चौथ्या शनिवारी मऊसूत सुटला.
काही केलं नव्हतं आम्ही. रौनो तर अजून कॉफीच ओतत होता.

मिशी अंगणात नेली. उणे अठरा.
जुनं रबर जाळावं लागतं.
धूर काळा, सरळसोट,
पलीकडे हिल्काबाईंचा पडदा सरकला.
रबर उकळलं, थुंकलं, एकदम निसटलं,
बर्फात चर्र करत भोक पाडून खाली गेलं,
दिसेनासं झालं.
उरलेलं कडं करवतीनं आतून कापायचं,
मग छिन्नीनं आत दुमडायचं.
दोन पाती तुटली. माझा अंगठा फुटला.
रौनोनं पट्टी गुंडाळली,
गरजेपेक्षा दोन वेढे जास्तच.

नवे कसले घालायचे यावर मात्र जुंपली.
मी म्हटलं रबर. होतं तसंच.
तो म्हणाला पॉलियुरेथेन.
टणक असतं, हलत नाही, आपल्याला पुरून उरेल.
आणि आवाज? आत येईल ना सगळा.
येऊ दे, म्हणाला.
त्यानं आधीच मागवले होते. निळे, खेळण्यातल्यासारखे.
ग्रीस फासून व्हाइसमध्ये दाबले,
बाटलीला बूच बसावं तसे बसले.
मला त्याचाही थोडा रागच आला.

मे. रस्ते धुऊन झाले.
पहिला, दुसरा, तिसरा.
ठक् नाही.
पाय काढला. नाही.
त्या जागी दुसरंच काहीतरी:
दातांवर दात फिरतायत त्याची बारीक, लांब शीळ,
वेगाबरोबर चढत जाणारी.
कधीपासून होती कुणास ठाऊक.

"ऐकतोयस?"
"हं."

तलावावर अजून राखाडी बर्फ, काठानं सुटलेलं.
वळण आलं, गाडी वळली,
मागचं अंग पुढच्याच्या मागोमाग, विचार न करता.
रौनोनं चौथा टाकला,
हात गिअरच्या दांड्यावरच राहू दिला.
मग शिळेच्या वर आवाज काढायचा म्हणून
जवळजवळ ओरडलाच,

"टेल्लेर्वोचा गुडघा कसाय आता?"

मीही ओरडूनच सांगितलं.
ऑपरेशन झालं मार्चमध्ये.
चौथा मजला. लिफ्ट नाही.
चढते.