मागीलदार

सांग्यात कुणी कुणाला खऱ्या नावाने हाक मारत नाही.
आंतोन फुर्ताद लिहिलेलं पाकीट पोस्टमन दोनदा उलटंसुलटं करतो;
'थोडो राव' लिहा, थेट माडाखालच्या खाटेपर्यंत पोचतं.
तीन ट्रक होते त्याचे. खाण बंद पडल्यापासून
बँकेला तो तेवढंच सांगत आलाय: थोडो राव.

मला काना म्हणतात.
शाळेच्या फाटकावर 'प्राथमिक'मधला काना
राहिला माझ्याकडून, तीसेक वर्षांपूर्वी.
दुसऱ्या सकाळी शिडी लावून भरला,
पण तोवर अख्खी चौथी मला ओळखायला लागली होती.
आता माझी सूनसुद्धा फोनवर सांगते,
काना घरी नाहीत.

तर अशा गावात
पर्वरीहून एक मुलगा आला, तालुक्याला टोपणनाव ठेवायला.
निशांत कारापुरकर. सालस पोरगा.
नगरपालिकेच्या भिंतीवर त्याने दाखवलं
कुठलं शहर स्वतःला गुलाबी म्हणवतं, कुठलं सफरचंद,
आणि त्यावर किती खोल्या भरतात.
तिसरं चित्र सरकेपर्यंत त्याचं नाव पडलं होतं: स्लाइड.
त्याला कुणी विचारलं नाही.
विचारायचं नसतंच.

'लाल मातीचा मुलूख', तो म्हणाला.
मागच्या बाकावर कुणीतरी खोकलं.
मुद्दाम की खरंच, कळलं नाही;
ती माती आम्ही वर्षानुवर्षं भाताबरोबर खाल्ली आहे.
'निवांत गोवा' म्हणाला.
थोडो राव म्हणाला, हप्ता चुकलेल्याला विचार
निवांत म्हणजे काय.

मग सत्यवती गांवकर उठल्या.
त्यांचं जोतं साळावलीच्या पाण्याखाली गेलं.
मे महिन्यात पाणी उतरलं की त्या तिथे जातात,
तुळशीची जागा पावलांनी मोजून काढतात.
म्हणाल्या, नाव आहे की आपल्याला.
मडगावच्या बाजारात केळी घेऊन बसते मी,
तिथल्या बाया म्हणतात, आली बघ मागीलदारची.

हसले सगळे.
स्लाइडने लिहून घेतलं, मग खोडलं.
'थोडं निगेटिव्ह वाटतं, आजी.'

बाबा, त्या म्हणाल्या, पुढच्या दारी पाहुणे.
मागीलदारी विहीर, न्हाणी, मासळी कापायचा दगड.
शेजारीण तिथूनच येते, कडी न वाजवता.
रुसून गेलेली लेक परतते तीही तिथूनच,
आणि चुलीपाशी बसते, जशी गेलीच नव्हती.
राख तिथंच टाकतात, हेही खरं.
आमच्या विहिरीवर खालच्या साऱ्यांच्या घागरी भरतात.
आभार मानायला अजून कुणी पुढच्या दाराने आलं नाही,
आणि मागच्याही.

पंखा तेवढा फिरत राहिला.
मग मतदान. सहा विरुद्ध चार,
'गोव्याचं हिरवं अंगण' मंजूर.
अंगण पुढे असतं रे, असं कुणी म्हणालं,
पण चहा आला होता.

काम मलाच मिळालं. अक्षरी दीडशे, मोर वेगळा.
मोर काढायला जास्त वेळ गेला;
त्यांना हवा होता पिसारा फुललेला,
मी पाहिलेले मोर बहुतेक
भाजीच्या वाफ्यातून पळ काढताना पाहिले.
फळा तिठ्यावर उभा केला, येणाऱ्याच्या तोंडासमोर.
स्लाइडने फोटो काढला, माझाही, ब्रशसकट.
हात हलवून गेला. पैसे मार्चनंतर.

फळ्याची पाठ कोरी होती.
डब्यात तळाला हिरवा उरला होता,
रात्रीत साय धरून वाया गेला असता.
शिडी तशीच उचलली, मागच्या बाजूला लावली,
आणि इथून निघून जाणाऱ्याला दिसेल असं लिहिलं
एकच शब्द, मोराशिवाय.
बिलात धरला नाही.

खाली उतरून, रस्ता ओलांडून,
पलीकडच्या कठड्यावर बसून काने मोजले.
दोन.
पुन्हा मोजले.