आस

फॉर्मच्या तिसऱ्या पानावर प्रश्न आहे:
चाकं, आस आणि ओढदांडा काढले आहेत काय?
होय. नाही. माहीत नाही.
‘माहीत नाही’वर खूण केली की बँक फाईल परत पाठवते,
म्हणून मी आधी गुडघ्यांवर बसतो, मग पोटावर,
आणि टॉर्च दातांत धरून
लव्हॉन स्कारच्या घराखाली शिरतो.

उत्तर मोन्टाना, कॅनडाची हद्द इथून तासाभरावर.
नोव्हेंबरचा वारा असा
की बोललेलं निम्मं त्याच्याच घशात जातं.
माझ्या डोक्यावर ती चालते आहे,
फ्रीजपासून खिडकीपर्यंत अकरा पावलं.
मला तिची पावलं ऐकू येतात, तिला माझा खोकला.

शहाण्णव साली हे घर कारखान्यातून दोन तुकड्यांत निघालं,
उघड्या बाजूवर प्लॅस्टिक फडफडत
दोन ट्रकांमागून हायवेने आलं.
आर्लोने मधली शिवण गालिच्याखाली दडवली.
थंडीत ती अजून करकरते.
घर फिरलं की वासे फिरतात म्हणे;
इथे वासे नाहीत, पोलादी तुळया आहेत,
आणि फिरायची सगळी तयारी कंपनीनेच करून दिलेली.

घराचा कागद मोटार खात्याचा आहे.
ती बावीस वर्षं शाळेची बस चालवते;
बसचा कागद आणि घराचा कागद
एकाच खिडकीतून, एकाच बाईने शिक्का मारलेला.
‘बस निदान जागची हलते तरी,’ लव्हॉन म्हणाली होती.

आर्लोच्या भावाचा अर्धा हिस्सा तिला घ्यायचा आहे.
वाहन म्हणून कर्ज मागितलं तर
वर्षं थोडी आणि व्याज जवळजवळ दुप्पट.
घर म्हणून मागितलं तर तीस वर्षं.
चूल तीच, छप्पर तेच,
छपरावर पडलेला बर्फही तोच.

पंचवीस वर्षं मी घरांच्या किमती ठरवतो.
बेलगार्ड नवरा-बायकोने धान्याच्या जुन्या कोठीत घर थाटलं,
गोल जिना, गोल भिंतीला टेकवलेला चौकोनी पलंग.
बँक म्हणाली, तुलनेला असंच विकलेलं दुसरं दाखवा.
मी तीन परगणे फिरलो.
कोठ्या शेकडो होत्या, सगळ्यांत गहू होता.
त्यांच्या फाईलवर मी ‘तुलना उपलब्ध नाही’ लिहिलं
आणि त्या रात्री जेवताना
बायकोशी उगाच भांडलो.

टॉर्च तुळईवरून सरकते.
चाकं नाहीत. ओढदांडा नाही.
आस मात्र आहे,
जाडजूड, गंजलेला, वर उंदरांचं घरटं,
टोकाला अजून वंगणाचा काळा थर.

बाहेर येऊन मी तिला सांगतो.
ती कोटाची बटणं लावत राहते, एक चुकीच्या काजात.
‘आर्लो काढू देत नसे. म्हणायचा, असू दे खाली.
एखाद्या हिवाळ्यात ॲरिझोनाला जायचंच झालं तर.’
‘गेलात कधी?’
‘दोनदा. गाडीने. आठ दिवसांत परत.’
मग विचारते,
‘तो कापला की हे घर होईल?’
‘बँकेच्या लेखी,’ मी म्हणतो.
ती स्वयंपाकघराच्या दिव्याकडे बघते,
दिवसा लावलेल्या.

एप्रिलमध्ये पुन्हा गेलो.
खाली काँक्रीटचे खांब, पोलादी पट्ट्या, कोरडी माती.
तिच्या भाच्याने वेल्डिंगची टाकी आणून
एका शनिवारी काम उरकलं होतं.
मी चार फोटो काढले,
तिसऱ्या पानावर ‘होय’वर खूण केली,
पेनाची शाई गोठली होती म्हणून दोनदा गिरवली.

निघताना बसच्या शेडमागे दिसला तो,
दोन ठोकळ्यांवर आडवा ठेवलेला,
घासून, तेल लावून, वर ताडपत्री.
मी तिच्याकडे पाहिलं.

‘काढले आहेत काय, एवढंच विचारलंय,’ ती म्हणाली,
‘टाकले आहेत काय, असं नाही.’