शनिवारी सहा वाजता

पहिल्यांदा बंद पडला तेव्हा मी प्रोसेसरला दोष दिला.
चार पॉइंट नऊवर नेला होता, लोभानं,
आणि व्होल्टेज मात्र हात आखडून दिलेलं.
एक पायरी खाली आले. चार पॉइंट आठ.
रात्रभर चाचणी चालली, पंखे घुमत राहिले,
तापमान त्र्याऐंशीच्या वर गेलं नाही.
मग शनिवार आला, आणि पडदा काळा.

निळासुद्धा नाही.
निळा पडदा निदान काहीतरी बोलतो,
एखादा आकडा हातात ठेवून मरतो.
हा न सांगता गेला.

उर्पोला फोन केला. म्हणाला, रायली, ग्राफिक्स कार्ड.
गिरणीतही तो आधी बेअरिंग बदलायचा
आणि मग विचार करायचा.
तरी मी कार्डाचा वेग उतरवला,
त्याच्या मेमरीला चढवलेले सहाशे काढून घेतले.
एका वेळी एकच गोष्ट, आणि लगेच वहीत नोंद:
तारीख, आकडा, किती मिनिटं टिकला.
वही पाळीवरची आहे, अर्धी कोरी राहिलेली.
पुढच्या पानांवर कागद आहे:
मीटर दर मिनिटाला, आणि ‘तुटला’,
आणि त्याखाली पुन्हा ‘तुटला’.

एकतीस वर्षं मी दुसरं काय केलं?
तीन नंबरचं मशीन. आठ मीटर रुंद ओला कागद
रुळांवरून धावायचा, आणि वरून निरोप: अजून वेगानं.
अकराशे. साडेअकराशे.
बाराशेच्या आसपास एक सूर निघायचा,
बारीक, दाताच्या मुळाशी लागणारा,
आणि मला कळायचं, आता फाटणार.
इंजिनियर म्हणायचे, आलेख ठीक आहे.
मी हात पुसून बाजूला उभी राहायची.

मशीन खोक्यांत भरून कुठंतरी दूर विकलं गेलं.
मुलगा ओस्लोला गेला, हा डबा मागं ठेवून.
फेकून दे, म्हणाला.
मी उघडला. अकरा वर्षांची धूळ,
नखाहून लहान स्क्रू बशीत ओळीनं मांडले,
वाटाण्याएवढी पेस्ट लावली, नव्यानं.

कुठला खेळ खेळतेस गं, असं ग्रंथालयातली आइला विचारते.
कुठलाच नाही.
मला फक्त तो सूर ऐकायचा असतो,
फाटण्याच्या जरा आधीचा.

आणि तोच येत नव्हता.
सूर नाही, ताप नाही, पडद्यावर हिरवे ठिपके नाहीत.
पाणी दुसरीकडंच मुरत होतं.

तिसऱ्या शनिवारी खिडकी वीतभर उघडी ठेवून बसले.
बाहेर उणे सत्तावीस, आखातावर बर्फ तडकत होतं.
डब्याचं झाकण काढलं, कान लावला.
सहाला पाच कमी. सगळं सुरळीत.
सहाला टेबलावरच्या दिव्यानं
पापणी लवावी तसं केलं.
दिवा सावरला.
डबा नाही सावरला.

मी जिन्यात जाऊन उभी राहिले.
तळघरातून तापू लागलेल्या दगडांचा वास,
लाकडाचा वास, त्योर्मानेनच्या पोरांचा गलका.
सोसायटीची सौना. शनिवारी सहाला
भट्टी पेटते, आणि अख्ख्या इमारतीची वीज
क्षणभर श्वास आत घेते.
त्या क्षणापुरता दम धरायचं काम पॉवर सप्लायचं;
आणि तोही अकरा वर्षांचा.
चोर सोडून मी संन्याशाला फाशी देत होते,
दोन संन्याशांना, आळीपाळीनं.

वहीत लिहिलं: ‘६.०० भट्टी.’
पुढं काय लिहावं सुचलं नाही.
आकडे परत चढवले, दोन्हीकडचे,
नवा सप्लाय मागवला, नव्वद युरो,
टॉवेल घेतला आणि खाली गेले.
सगळ्यांत वरच्या फळीवर बसले, पाणी ओतलं.

उर्पोला अजून सांगितलेलं नाही.
कुणाकडून तरी जुनं कार्ड मिळवलंय त्यानं,
रविवारी घेऊन येतोय, बसनं, अडीच तासांवरून,
आणि म्हणतो, बघ, मी सांगितलं होतं.
येऊ दे.